वाचकांचे प्रश्न : बीटल्सच्या गावात, खासगी टॅक्सीतून

उन्हाळी सुट्टीत इंग्लंडला जाणाऱ्या वाचकांकडून या वेळी लिव्हरपूलबद्दल बरेच प्रश्न आले. ‘बीटल्स’ या बँडमधले जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघंही याच शहरात जन्मले आणि वाढले. त्यांची घरं, शाळा आणि ते जिथे वाजवायचे ती तळघरं दाखवणाऱ्या खासगी टॅक्सी तिथे मिळतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि ७६ वर्षांचे सासरे असे पाच जण आहोत. लिव्हरपूलला एकच दिवस मिळेल. मोठ्या बसची टूर स्वस्त दिसते. टॅक्सीवर जास्त पैसे घालावेत का? — विलेपार्ले

पाच जण असाल तर आधी बेरीज करून बघा. बसचं तिकीट माणशी असतं, टॅक्सीचं भाडं बहुतेक ठिकाणी गाडीमागे. एकट्या-दुकट्याला टॅक्सी महागच पडते, पण पाच जणांत विभागली की फरक बराच खाली येतो. त्यात सासरे बरोबर आहेत, म्हणजे आमच्या मते टॅक्सीच. बस रॉयल अल्बर्ट डॉकपाशी सुटते, साधारण दोन तास फिरवते आणि बीटल्स जिथे वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबजवळ सोडते. बसमध्ये खाली उतरायला मिळतं ते मोजक्या ठिकाणी, आणि तिथेही चाळीस-पन्नास जण एकदम उतरतात. अरुंद गल्ल्यांत तर ती शिरतच नाही.

टूरच्या टॅक्सी बऱ्याचदा लंडनसारख्या काळ्या, उंच छताच्या असतात. त्यांची बसायची रचना आधीच लक्षात घ्या. मागे तीन जणांची सलग सीट आणि तिच्यासमोर दोन घडीच्या सीट. घडीच्या सीटवरच्यांचं तोंड उलट्या दिशेला असतं. पुढचं काही दिसत नाही आणि गाडी लागणाऱ्याला अर्ध्या तासात मळमळायला लागतं. सासऱ्यांना मागच्या सीटवर, फुटपाथच्या बाजूच्या दाराशी बसवा. उलट्या सीट मुलांना द्या आणि प्रत्येक थांब्याला जागा बदलायला सांगा. चढायला पायरी उंच वाटत असेल तर या गाड्यांत रॅम्पची सोय असते, मात्र बुकिंग करतानाच तसं कळवायला हवं. ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यात काच असते, त्याचा आवाज स्पीकरवरून येतो. ऐकायला कमी येत असेल तर आवाज वाढवायला लगेच सांगावं. भिडेखातर गप्प बसलात तर टूरचे तीन तास फुकट गेलेच समजा.

तीन तासांत किती बघून होतं? आठ थांबे नीट होतात, बारा होत नाहीत. पूर्ण फेरा सुमारे २५ किलोमीटरचा आहे, त्यामुळे वेळ अंतरात जात नाही. तो जातो उतरण्या-चढण्यात आणि फोटोत. वयस्कर माणूस बरोबर असेल तर थांब्यामागे पाच मिनिटं वाढवून धरा.

आणखी एक सांगतो, कारण यावर पैसे वाया जाताना नेहमी दिसतात. जे पायी बघता येतं त्यावर टॅक्सीची मिनिटं खर्च करू नका. नदीकाठी पिअर हेडला चौघांचे पुतळे आहेत (२०१५ च्या डिसेंबरात बसवलेले). मॅथ्यू स्ट्रीटवर कॅव्हर्न आहे. माउंट स्ट्रीटवर पॉल आणि जॉर्जची शाळा आहे, तिथे आता कलाशिक्षणाची संस्था चालते. शेजारीच जॉनचं आर्ट कॉलेज. हे सगळं शहराच्या मध्यात, चालत जाण्यासारखं आहे. टॅक्सी घ्यायची ती दक्षिणेच्या उपनगरांसाठी : डिंगल, वेव्हरट्री, वुल्टन, ॲलर्टन. गाइडला आधीच लिहा की मध्यवर्ती शहर आम्ही आमचं बघू. तीन तासांतला पाऊण तास तिथेच वाचतो.

तो पाऊण तास वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चवर घाला. ६ जुलै १९५७ ला या चर्चच्या जत्रेत जॉनच्या शाळकरी बँडने, ‘क्वॉरीमेन’ने, गाणी वाजवली. त्याच दिवशी समोरच्या हॉलमध्ये पंधरा वर्षांच्या पॉलची आणि सोळा वर्षांच्या जॉनची पहिली भेट झाली. चर्चच्या आवारात एलेनॉर रिग्बी (याच नावाचं बीटल्सचं गाणं आहे) नावाच्या बाईची कबर आहे, वय ४४, मृत्यू ऑक्टोबर १९३९. बहुतेक टूर इथे दहा मिनिटं थांबतात. कबर शोधून फोटो काढला की निघायची घाई होते आणि रस्त्यापलीकडचा हॉल राहूनच जातो. हॉल आतून बघता येईल का ते आधी विचारा, कारण तो वापरात असतो आणि कुलूपही असू शकतं. गवत बहुधा ओलं असतं, तेव्हा सासऱ्यांच्या पायात रबरी तळव्याचे बूट हवेत.

प्रश्न : जॉन आणि पॉलच्या घरांत आत जाता येतं असं ऐकलं. एका टूरवाल्याने मात्र ‘बाहेरूनच’ असं कळवलं आहे. खरं काय? — मुलुंड

दोन्ही खरं. घरांत जाता येतं, पण फक्त नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या टूरबरोबर. खासगी टॅक्सीवाला कितीही नावाजलेला असला तरी फाटकापर्यंतच नेऊ शकतो. ‘बाहेरूनच’ असं स्पष्ट लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे. ‘आत नेतो’ म्हणणाऱ्याला ट्रस्टची तिकिटं बरोबर आहेत का ते विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसरा बघा.

ट्रस्टकडे घरं दोन. जॉनचं ‘मेंडिप्स’, २५१ मेनलव्ह अव्हेन्यू. पाच वर्षांचा असल्यापासून तो इथे मिमीमावशीकडे वाढला. हे घर योको ओनोने विकत घेऊन २००२ मध्ये ट्रस्टला दिलं. दुसरं पॉलचं, २० फोर्थलिन रोड. मॅकार्टनी कुटुंब १९५५ मध्ये तिथे राहायला आलं, आणि ट्रस्टने ते १९९५ मध्ये घेतलं. दोन्ही एकाच फेरीत, ट्रस्टच्या मिनीबसने दाखवतात. आपली गाडी घेऊन दारात उभं राहिलं तर आत घेत नाहीत.

तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. मिनीबसमध्ये मावतील तेवढीच माणसं, त्यामुळे शनिवार-रविवारच्या जागा आधी भरतात. फेरी रोज नसते आणि हिवाळ्यात घरं बंद असतात. एकूण अडीच तासांच्या आसपास धरा. सध्या मिनीबस लिव्हरपूल साउथ पार्कवे स्टेशनहून सुटते. हे स्टेशन शहराच्या मध्यात नाही, लिव्हरपूल सेंट्रलहून लोकल पकडून जावं लागतं. सुटायची जागा तिकिटावर पुन्हा तपासा. लाइम स्ट्रीट या मुख्य स्टेशनला उतरून ‘बस कुठे आहे’ म्हणून शोधणारे लोक हमखास चुकतात, आणि चुकलेल्या फेरीचे पैसे परत मिळत नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत. पिशव्या आणि मोबाइल बाजूला ठेवावे लागतात.

फोटो नाहीत म्हणून हिरमुसू नका. आत बघण्यासारखं बरंच आहे. मेंडिप्स हे जोडघर आहे, बागेचं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं, सुखवस्तू वस्तीतलं. गिटारचा गोंगाट नको म्हणून मावशी पोरांना पुढच्या बंदिस्त पडवीत हाकलायची, आणि तिथे आवाज घुमतो म्हणून पोरं खूश असायची. गाइड परवानगी देईल तेव्हा पडवीत उभं राहून टाळी वाजवून बघा. फोर्थलिन रोडचं घर मात्र नगरपालिकेने भाड्याने दिलेलं, आपल्याकडच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीसारखं एका साच्यातलं. पुढच्या खोलीत पॉल आणि जॉन समोरासमोर बसून गाणी रचायचे. पॉल डावखुरा असल्याने दोघांच्या गिटारी आरशातल्यासारख्या एका बाजूला यायच्या. ती खोली किती लहान आहे हे आत उभं राहिल्यावरच कळतं. भिंतींवर पॉलचा भाऊ माइक याने त्या काळात काढलेले फोटो आहेत.

मेंडिप्सवर प्रसिद्ध माणूस इथे राहिला असं सांगणारी निळी गोल पाटी दिसेल, फोर्थलिन रोडवर दिसणार नाही. ती पाटी माणसाच्या मृत्यूनंतर वीस वर्षं उलटल्याशिवाय लावत नाहीत. जॉनचा मृत्यू १९८० चा, पाटी २००० ची.

जॉर्ज आणि रिंगोची घरं ट्रस्टकडे नाहीत. वेव्हरट्रीतल्या १२ अर्नोल्ड ग्रोव्हला जॉर्जचा जन्म झाला, २५ फेब्रुवारी १९४३ ला. खाली दोन खोल्या, वर दोन आणि संडास मागच्या अंगणात, असं ते घर. २०२४ मध्ये त्यावरही निळी पाटी लागली. गल्ली पुढे बंद होते, म्हणून गाडी तोंडाशीच उभी करून चालत जायचं. रिंगोचा जन्म डिंगलमध्ये ९ मॅड्रिन स्ट्रीटला झाला. थोड्या वर्षांनी तो पलीकडेच १० ॲडमिरल ग्रोव्हला राहायला गेला आणि प्रसिद्धी मिळेपर्यंत तिथेच होता. मॅड्रिन स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्या पाडायच्या ठरल्या होत्या, लोकांच्या विरोधामुळे वाचल्या. इथे शेजारीपाजारी माणसं राहतात. बेल वाजवू नका, खिडकीतून डोकावू नका, आणि कृपा करून गल्लीत कोरस लावू नका. ते कोरस रहिवासी वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत.

एक दिवस असेल तर ट्रस्टची सकाळची फेरी आणि दुपारी टॅक्सी, हा क्रम चांगला. मग टॅक्सीवाल्याला सांगा की दोन घरं झाली आहेत, ती वगळा. ट्रस्टचं तिकीट आधी पक्कं करा, त्यानंतर टॅक्सीची वेळ ठरवा. उलट केलंत तर एकात अडकून दुसरं जातं.

प्रश्न : गाइड चांगला आहे की नुसता ड्रायव्हर, हे मुंबईत बसून कसं ओळखायचं? बुकिंग करताना काय लिहावं? — दादर

टॅक्सी चालवायचा परवाना नगरपालिका देते. तो गाडी चालवण्याचा परवाना आहे, माहितीची परीक्षा नव्हे. गाइडसाठी ब्रिटनमध्ये ‘ब्लू बॅज’ ही वेगळी पात्रता आहे. ती नसलेलेही काही टॅक्सीवाले उत्तम असतात, उभं आयुष्य त्यांनी याच गल्ल्यांत काढलेलं असतं. पण विचारायला हरकत नाही.

आमची एक सोपी कसोटी आहे. ईमेलमध्ये विचारा : “पेनी लेनला आपण नेमकं कुठे थांबणार?” बीटल्सच्या ‘पेनी लेन’ या गाण्यातला हा एक लांब, बराचसा साधा निवासी रस्ता आहे. गाण्यातलं न्हाव्याचं दुकान, बँक आणि मधली निवाऱ्याची जागा हे सगळं त्याच्या टोकाला, स्मिथडाउन प्लेसच्या चौकात आहे. अग्निशमन केंद्र तर पेनी लेनवर नाहीच, ते मॅदर अव्हेन्यूवर आहे आणि फोर्थलिन रोडला जाताना वाटेत लागतं. ‘पाटीजवळ फोटोला थांबू’ एवढंच उत्तर आलं तर तो ड्रायव्हर. चौकात उतरवून एकेक कोपरा दाखवतो म्हणाला तर गाइड. पाटीचंच वेड असेल तर २०१८ मध्ये पॉलने स्वतः सही केलेली पाटी कुठली तेही त्याला दाखवता यायला हवं. रस्त्याच्या पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या की मध्यंतरी नाव थेट भिंतींवर रंगवून टाकलं होतं. सहीच्या पाटीवर आपलं नाव लिहायचा मोह आवरा.

बुकिंगच्या पत्रात एवढं हवं : माणसं किती आणि त्यांची वयं, कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं, न चुकवायची तीन ठिकाणं, आणि गाणी किती ओळखीची आहेत. शेवटचं महत्त्वाचं. तुम्हाला पाचच गाणी माहीत असतील आणि समोरचा बास गिटारच्या तारांवर बोलत राहिला तर सगळेच कंटाळतील. उलट, जाणकारांना ‘बीटल्स म्हणजे चार जणांचा बँड’ पासून सुरुवात नको असते. लिव्हरपूलची बोली, तिला ‘स्काउस’ म्हणतात, वेगवान आणि हेलकाव्याची असते. हळू बोला असं पत्रातच लिहून टाका, त्यात कुणाला राग येत नाही.

विचारून घ्यायचं ते असं : ट्रेनला उशीर झाला तर किती वेळ थांबणार आणि त्याचे पैसे किती, ठरलेला गाइड आजारी पडला तर कोण, आणि ‘खासगी’ म्हणजे गाडीत फक्त आम्हीच ना. मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवरून घेतलंत तर मार्ग बदलणं अवघड होतं, कारण निरोप मधल्या माणसामार्फत जातो. चालकाकडे थेट बुकिंग केलं तर ‘हे वगळा, तिथे जास्त थांबा’ असं सांगता येतं. तेवढ्यासाठी तर खासगी टूर घ्यायची.

प्रश्न : मे बरा की दिवाळीची सुट्टी? — ठाणे

मे. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, ट्रस्टची घरं उघडी असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेचारलाच सूर्य मावळतो. दुपारी दोनची टॅक्सी घेतली तर शेवटची घरं अंधारात बघावी लागतात. दिवाळीतच जायचं असेल तर सकाळी दहाची वेळ घ्या, आणि ट्रस्टची घरं त्या तारखेला उघडी आहेत का ते बघून मगच विमानाचं तिकीट काढा.

महिन्याइतकीच तारीखही बघायला हवी. पिअर हेडला क्रूझ जहाजं लागतात. जहाज आलं की एका सकाळी शेकडो प्रवासी उतरतात आणि चांगले गाइड आधीच गेलेले असतात. क्रूझ टर्मिनलचं वेळापत्रक इंटरनेटवर असतं, जहाज नसलेला दिवस निवडा. एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) या मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यती, एरवी फुटबॉलचे मोठे सामने आणि ऑगस्टअखेरचा बीटल्स सप्ताह या काळात हॉटेलचे दर चढतात. बीटल्स सप्ताहाला मुद्दाम जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण निवांत बघायला तो काळ नव्हे.

व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेआधी तीन महिने अर्ज करता येतो. तो हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

प्रश्न : लंडनहून एका दिवसात जाऊन येता येईल? — गिरगाव

येईल, पण दमछाक होते. युस्टन ते लिव्हरपूल लाइम स्ट्रीट थेट गाडीला सव्वादोन ते अडीच तास लागतात. सकाळी सातच्या सुमारास निघालात तर साडेनऊपर्यंत पोहोचता. साडेदहाची टॅक्सी घ्या, दहाची नको. मधला एक तास ट्रेनच्या उशिरासाठी आणि चहासाठी लागतोच. दीड वाजता टॅक्सी मॅथ्यू स्ट्रीटजवळ सोडेल. गल्ली पायी चालणाऱ्यांसाठी आहे, गाडी आत जात नाही. जेवण, कॅव्हर्न, मग चालत पिअर हेड. संध्याकाळी सातच्या गाडीने परत.

या बेतात ट्रस्टची घरं बसत नाहीत. दोन्ही हवं असेल तर एक रात्र राहा, आमचा सल्ला तोच आहे.

ट्रेनचं तिकीट आधी घेतलं की बरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीचं असतं. ती चुकली तर नवीन तिकीट. परतीची गाडी म्हणून ऐसपैस वेळेची घ्या. पाच ते पंधरा वयाची मुलं बरोबर असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ बघा. परदेशी पाहुण्यांनाही ते मिळतं, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत असते. एकाच फेरीत कार्डाचे पैसे वसूल होण्याची शक्यता बरीच. रविवारी रुळांची कामं काढतात, शक्यतो तो दिवस टाळा.

प्रश्न : कॅव्हर्न क्लब खरा नाही, नंतर बांधलेला आहे, असं वाचलं. मग जावं का? आणि न चुकवण्यासारखं पण कमी माहितीचं ठिकाण कुठलं? — बोरिवली

मूळ कॅव्हर्न १६ जानेवारी १९५७ ला जॅझ क्लब म्हणून उघडला. गोदामाखालचं विटांच्या कमानींचं तळघर होतं ते. बीटल्स तिथे पहिल्यांदा वाजले ९ फेब्रुवारी १९६१ ला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतल्या कार्यक्रमात. ऑफिसात काम करणारी पोरं-पोरी डबा घेऊन यायची. शेवटचा कार्यक्रम ३ ऑगस्ट १९६३. एकूण २९२ असा आकडा तिथे सांगतात. पुढे त्यांचा मॅनेजर झालेल्या ब्रायन एपस्टाइनने त्यांना ९ नोव्हेंबर १९६१ ला इथेच पाहिलं. त्याचं रेकॉर्डचं दुकान चालत काही मिनिटांवर, व्हाइटचॅपलला होतं. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवा खेळण्याच्या सोयीसाठी म्हणून क्लब बंद करून जागा बुजवली. १९८४ मध्ये मूळ जागेचा मोठा भाग धरून, निघालेल्या जुन्या विटा वापरून तो पुन्हा बांधला.

म्हणजे जागा तीच, विटा बऱ्याच त्याच, खोली नवी. जावं. संग्रहालय समजून गेलात तर चिडाल. दुपारपासून तिथे कुणी ना कुणी गात असतं, ते ऐकायला जा. खाली बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघ्यांचा त्रास असेल तर दारावर आधी चौकशी करा. मुलांना घेऊन दिवसाच जा, रात्री वयाची अट लागते. समोर ‘कॅव्हर्न पब’ नावाची वेगळी जागा आहे. तिथे बसून कॅव्हर्न बघितला असं समजणारे बरेच असतात. मॅथ्यू स्ट्रीटजवळच स्टॅनली स्ट्रीटवर बाकावर बसलेल्या एलेनॉर रिग्बीचा पुतळा आहे, तो १९८२ चा. दोन मिनिटांत होतो.

कमी माहितीचं ठिकाण म्हणाल तर कॅस्बा. ८ हेमन्स ग्रीन, वेस्ट डर्बी. पुढे रिंगोने ज्याची जागा घेतली त्या पीट बेस्टच्या आईने, मोना बेस्टने, घराच्या तळघरात २९ ऑगस्ट १९५९ ला हा कॉफी क्लब उघडला. उघडण्यापूर्वी पोरांनीच छतं रंगवली. पॉलने रंगवलेले इंद्रधनुषी पट्टे अजून आहेत. इथे काही पाडून नव्याने बांधलेलं नाही, म्हणून ज्याला खरं-खोटं याचं पडलेलं आहे त्याने कॅव्हर्नपेक्षा इथे जावं. अडचण एवढीच की हे बाकीच्या ठिकाणांच्या उलट दिशेला, शहराच्या ईशान्येला आहे. आधी वेळ ठरवल्याशिवाय आत जाता येत नाही. टॅक्सीत किमान एक तास वाढवून घ्यावा लागेल. पहिल्याच भेटीत तीन तासांत हे बसवायला जाल तर वुल्टनची घाई होईल.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्यामुळे गाजलेल्या स्ट्रॉबेरी फील्डबद्दलही काही जणांनी विचारलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं ते अनाथालय २००५ मध्ये बंद झालं आणि २०१९ मध्ये जागा लोकांसाठी खुली झाली. रस्त्यावरून दिसणारं लाल फाटक ही प्रतिकृती आहे, मूळ फाटक आत बागेत आहे. बाहेरचा फोटो फुकट, प्रदर्शनाला तिकीट. प्रदर्शनाला एक तास लागतो, टॅक्सी उभी ठेवून ते बघणं परवडत नाही.

प्रश्न : इंग्लंडला जाणं जमणार नाही. मुंबईत बीटल्सचं काही बघण्यासारखं आहे का? — डोंबिवली

आहे, आणि गाइडची गरज नाही. फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने तिथे एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. आशिष खान सरोदवर आणि शिवकुमार शर्मा संतूरवर होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत झालं, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची. गायन नंतर लंडनला झालं, आणि मार्च १९६८ मध्ये ते एका सिंगलच्या (दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) दुसऱ्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं.

स्टुडिओला आवाज अडवायची सोय नव्हती. खालच्या टॅक्सी ऐकू यायच्या, आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागायचं, असं जॉर्जने पुढे सांगितलं आहे. तेव्हा जायचंच तर कामाच्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला जा. इमारत बाहेरूनच बघायची, आत ऑफिसं आहेत. सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटं.

तिथून काळाघोड्यामार्गे ताजमहाल हॉटेलकडे चालत निघा. वाटेत रिदम हाउसची जागा लागते, २०१६ मध्ये बंद झालेलं. सप्टेंबर १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला आलेला जॉर्ज ‘सॅम वेल्स’ या नावाने ताजमध्ये उतरला होता. बातमी फुटली, हॉटेलखाली चाहते जमले, आणि शिकवणी थांबू नये म्हणून सगळे काश्मीरला गेले. एकूण दोन तासांची फेरी. चांगला हेडफोन घ्या आणि ते गाणं स्टुडिओच्या फुटपाथवर ऐका. मागचा रस्त्याचा आवाज मात्र तुमच्या काळातला असेल.

थोडक्यात

*एकटीच आहे, टॅक्सी परवडत नाही (चेंबूर) :* ८६ क्रमांकाची बस शहरातून पेनी लेनच्या चौकावरून पुढे मॅदर अव्हेन्यूला जाते, फोर्थलिन रोड तिथून जवळ. तिथून मेंडिप्स अर्ध्या तासाची चाल. निघायच्या दिवशी बसचा मार्ग तपासून घ्या.

*शाकाहारी जेवण (माटुंगा) :* बोल्ड स्ट्रीटवर भरपूर पर्याय. ‘स्काउस’ हे बोलीसारखंच तिथल्या मटणाच्या रश्शाचंही नाव, त्याचा बिनमांसाचा प्रकार ‘ब्लाइंड स्काउस’ या नावाने मिळतो. पण रस्सा हाडांच्या पाण्यात शिजवलेला नाही ना, ते विचारा.

*टिप आणि पैसे (घाटकोपर) :* टिपची सक्ती नाही. काम आवडलं तर दहा टक्के पुष्कळ. गाइडला रोख आवडते, बाकी सगळीकडे कार्ड चालतं. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

*छत्री की जॅकेट (कल्याण) :* टोपीचं जॅकेट. नदीकाठचा वारा छत्री उलटी करतो.